सात आसनांची जुनी गाडी : पारख आणि कागद

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो. साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि व्यापारी घरांतून यात्रेचे बेत ठरू लागतात. कोणाला कुंभोजच्या बाहुबलींचे दर्शन घ्यायचे असते, कोणाला मांगीतुंगीला जायचे असते, तर कोणाला विहारात असलेल्या महाराजांचे दर्शन घ्यायचे असते. बेत ठरताना दरवर्षी तीच अडचण पुढे येते. दारातली गाडी पाच जणांची आणि घरात माणसे सात. मग आजी मागे राहते, किंवा धाकट्या जावेला मुलांसह एस.टी.ने पाठवावे लागते, नाहीतर भाड्याची गाडी सांगावी लागते. अशी दोन-तीन वर्षे गेली की एखाद्या संध्याकाळी पेढी वाढवताना थोरला भाऊ म्हणतो, "आता एखादी सात आसनी गाडी बघू या. नवी नको, जुनीच चालेल."

हे म्हणणे व्यापारी हिशेबाला धरून आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत वेगाने उतरते आणि ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. वर्षातून मोजके दिवस सात आसने लागणाऱ्या घराने नव्याचा सोस धरू नये, हे परिग्रह-परिमाणाच्या विचारालाही साजेसे आहे. मात्र एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील जी.एस.टी.चे दर बदलले आणि नव्या गाड्यांच्या किमती खाली आल्या. म्हणून जुन्या गाडीचा भाव ठरवताना विकणाऱ्याने ती केवढ्याला घेतली होती हे विचारण्यात अर्थ नाही. तशीच गाडी आज नवी केवढ्याला मिळते, तेथून हिशेब सुरू करावा.

गाडी बघण्याआधी घर बघावे. सात आसनी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांतील तिसरी रांग ही मुलांसाठी किंवा सडपातळ माणसांसाठी असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना मागच्या रांगेत नेऊन बसवणे हा प्रवास नव्हे, शिक्षा आहे. त्या मधल्या रांगेत बसणार हे गृहीत धरले, तर मागे जाणारी मंडळी त्यांना न उठवता आत कशी जातील, हा खरा प्रश्न उरतो. इनोव्हाच्या सात आसनी प्रकारात मधे दोन सुट्या खुर्च्या असतात आणि त्यांच्यामधून वाट असते. आठ आसनी प्रकारात सलग बाक असतो. मारुतीच्या एक्स.एल.६ मध्येही सुट्या खुर्च्या आहेत, पण त्या गाडीत आसने सहाच. सात जणांच्या घराने केवळ रुबाबावर भुलून ती घेतली, तर मूळ अडचण जशीच्या तशी राहते.

सामानाचेही तसेच. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या अर्टिगात तिन्ही रांगा उभ्या असताना मागे २०९ लिटरची जागा उरते, तर रेनॉ ट्रायबरमध्ये अवघी ८४ लिटरची. सात जणांचे दोन दिवसांचे कपडे, पूजेची वस्त्रे, फराळाचे डबे आणि उकळलेल्या पाण्याची भांडी यांच्या मानाने पहिली जागा कशीबशी पुरते. दुसरीत एक मोठी पिशवी मावली तरी पुष्कळ. ट्रायबर वाईट गाडी आहे असे नव्हे. चार मीटरच्या आत सात आसने बसवण्याचे कसब तिच्यात आहे आणि बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत ती सहज वळते. पण तिचे इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे आहे. सात माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन घाट चढताना त्याची दमछाक होते.

एसीचा मुद्दा जैन कुटुंबासाठी वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. चौविहार पाळणारी मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपतात, म्हणून प्रवासही बहुधा दिवसाउजेडीच आखला जातो. मे महिन्यातील दुपारी तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलाला हवा पोहोचते का, हे विकणाऱ्याच्या अंगणात उभे राहून कळत नाही. गाडी उन्हात तासभर उभी करावी, मग घरातील एकाने मागच्या रांगेत बसून अर्धा तास फिरून यावे. वरच्या श्रेणीच्या काही गाड्यांत आसनांना चामडे असते आणि नंतर बाहेरून बसवून घेतलेली कव्हरेही असतात. ते खरे चामडे की कृत्रिम, हे अहिंसेच्या दृष्टीने आधीच विचारून घ्यावे. सौदा झाल्यावर आजींनी बसण्यास नकार द्यावा, अशी वेळ आणू नये.

इंधनाची निवड अंतरावर अवलंबून आहे. घर ते दुकान दोन किलोमीटर आणि वर्षातून चार यात्रा, असा वापर असेल तर डिझेलच्या मोहात पडू नये. एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. गल्लीबोळात रखडणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते आणि ती बदलण्याचा खर्च डिझेलवर वाचवलेले पैसे खाऊन टाकतो. महिन्यातून अनेकदा मालखरेदीसाठी सुरत किंवा इचलकरंजी गाठणाऱ्याची गोष्ट वेगळी. सी.एन.जी. स्वस्त पडतो, पण टाकी सामानाचीच जागा घेते. बाहेरून बसवलेले किट असेल तर त्याची नोंद आर.सी.वर आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांची दाबचाचणी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता गाड्यांविषयी. जुन्या सात आसनी गाड्यांच्या बाजारात अजूनही इनोव्हाचेच नाव घेतले जाते. २००५ साली क्वालिसच्या जागी ती आली, २०१६ मध्ये क्रिस्टा झाली. मजबूत चौकटीवर बांधलेली आणि मागच्या चाकांना ताकद देणारी ही गाडी लाखो किलोमीटर चालते, ही ख्याती खोटी नाही. पण त्याच ख्यातीमुळे तिचा भाव उतरत नाही. चांगली इनोव्हा स्वस्तात मिळत नाही. म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या इनोव्हापुढे थबकावे. २०१६ पूर्वीच्या अडीच लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावा लागतो आणि चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच हातचे जाते. बेल्ट बदलल्याचे बिल दाखवता येत नसेल, तर तो बदललेला नाही असे समजून भाव करावा. क्रिस्टाच्या डिझेल इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे.

अर्टिगा २०१२ साली आली. गावोगावी मिळणारे सुटे भाग, कोणत्याही मिस्त्रीला ठाऊक असलेले इंजिन आणि आटोपशीर खर्च यांमुळे बहुतेक व्यापारी कुटुंबांना २०१८ नंतरची, एकाच मालकाने वापरलेली पेट्रोल अर्टिगा हीच सर्वांत कमी पश्चात्तापाची निवड ठरते. तिला इनोव्हाचा दबदबा नाही आणि सातही मोठी माणसे बसली की मागची बाजू खाली दबते, हे मान्य करूनच हे म्हणावे लागते. २०१८ मध्ये आलेली, नाशिकच्या कारखान्यात बनलेली महिंद्राची मराझो प्रवासाला सुखाची आणि बांधणीने भक्कम गाडी. पण ती खपली कमी, म्हणून विकायला काढताना गिऱ्हाईक शोधावे लागते. दीर्घकाळ वापरणाऱ्याला तेच पथ्यावर पडते, कारण घेताना ती सवलतीत मिळते. किया कॅरेन्स २०२२ ची. तिच्या जुन्या गाड्याही अद्याप तरुण आहेत. शेवरोलेच्या टवेरा आणि एन्जॉय, होंडाची मोबिलिओ, डॅटसनची गो प्लस या गाड्या आता बनत नाहीत आणि त्यांपैकी शेवरोले व डॅटसन यांनी तर देशातील विक्रीच बंद केली. त्या फार कमी किमतीत दिसतात. दिसू द्याव्यात.

एक सूचना वर्षांविषयी. ए.बी.एस. ब्रेक एप्रिल २०१९ पासून, चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनासाठी एअरबॅग २०२१ च्या अखेरीपर्यंत सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांच्या खालच्या श्रेणींत यांतले काहीच नसण्याचा संभव असतो. किंमत थोडी वाढली तरी चालेल, पण आजी-नातवंडांना घेऊन महामार्गावर जाणारी गाडी या तारखांच्या अलीकडची असावी. तिसऱ्या रांगेतील प्रत्येक पट्टा ओढून, लावून पाहावा. जुन्या टवेरा-सुमोतील आडव्या बाकांवर मुलांना बसवण्याची सवय सोडलेलीच बरी.

गाडीचे नाव ठरले, म्हणजे निम्मेच काम झाले. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन अर्टिगा शेजारी उभ्या असतात. एक डॉक्टरांच्या घरची, दुसरी पर्यटन व्यवसायात राबलेली. दिसायला दोन्ही सारख्या. पॉलिश केलेली दुसरी कदाचित अधिकच उजळ. म्हणून विकत घ्यायचा असतो तो आधीच्या मालकाचा वापर.

त्याचा माग काढता येतो. मीटर मागे फिरवणे हा या बाजारातील जुना आजार आहे. मीटरवर चाळीस हजार आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे कातडे झिजलेले, चालकाच्या आसनाची कड दबलेली, असे दिसले की आकडा खोटा समजावा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. वीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीचे चारही टायर गाडीहून दोन वर्षे नवे असतील, तर आधीचे टायर कोठे झिजले, हे विचारावे. काचांवरही बनावटीच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली, तर त्या बाजूला काहीतरी घडले आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये क्रमांकावरून आधीच्या सर्व्हिसिंगची तारीख आणि किलोमीटर यांची नोंद निघते. मालकाने ती स्वतः काढून द्यावी, अशी अट घालावी. नकार हेही उत्तरच असते.

टॅक्सी म्हणून राबलेली आणि नंतर पांढरी पाटी लावलेली इनोव्हा किंवा अर्टिगा ओळखणे अवघड नाही. आर.सी.वरील जुना वर्ग, वेगमर्यादा यंत्र काढल्याच्या खुणा, मागच्या दारांच्या झिजलेल्या कड्या बोलतात. तशी गाडी घेऊच नये असे नाही. ती तशी आहे हे कळून, त्या भावाने घ्यावी.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या मंडळींना आणखी एक गोष्ट सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विम्याने निकाली काढलेल्या अशा गाड्या लिलावातून दुरुस्त होऊन दूरच्या शहरांत विक्रीला येतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला तर त्यावर गाळाची रेघ दिसते. पायपुसणीखालचा गालिचा उचलला तर माती आणि आसनाच्या रुळांवर गंज सापडतो. बंद गाडीत कुबट वास येतो. इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंगमध्ये शिरलेले पाणी पुढची कित्येक वर्षे छळते.

शेवटची परीक्षा इंजिनाची. गाडी पाहायला जाताना ती आधीच तापवून ठेवू नका, असे सांगून ठेवावे आणि सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करून घ्यावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आपला मिस्त्री सोबत न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. आणि फेरी एकट्याने मारू नये. सातही जण बसवून, कात्रज असो वा कसारा, जवळच्या घाटावर जाऊन यावे. रिकाम्या गाडीत न ऐकू येणारे आवाज भरल्या गाडीत ऐकू येतात.

एवढी सावधगिरी अनोळखी विक्रेत्याशी घेतली जाते. व्यापारी समाजात मात्र गाड्या पुष्कळदा ओळखीतच फिरतात. व्याह्यांची गाडी, मामेभावाच्या भागीदाराची गाडी, मंदिराच्या विश्वस्तांची गाडी. 'आपल्यातलाच माणूस आहे' हे शब्द उच्चारले गेले की तपासणी थांबते, कागद मागणे संकोचाचे वाटते आणि नाव बदलण्याचे काम 'पुढच्या महिन्यात बघू' यावर जाते. गाडी नव्या घरी, नाव जुन्या घरी, अशी दोन-दोन वर्षे निघतात. खरा धोका येथेच आहे, आणि तो विकणाऱ्यालाही तितकाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तेथून पुढे अशी हस्तांतरित होत गेली होती, परंतु आर.टी.ओ.च्या नोंदीत नाव पहिल्याचेच होते. अपघातातील नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवण्यात आली. गाडीचा विमा चालू नसेल तर याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. स्नेहापोटी गाडी देणाऱ्या मामेभावाच्या दारी लाखोंच्या दाव्याची नोटीस येते आणि पुढे दोन घरांत बोलणे राहत नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना १४ दिवसांत, परराज्यातील विक्रीची ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास द्यायची असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-देय दाखला आणि ३५ क्रमांकाचा नमुना. परराज्यातील असेल तर तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आल्यानंतर तेथील गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. त्यांच्या भावात महाराष्ट्रातील नवी नोंदणी आणि कर मिळवला की स्वस्ताई बरीचशी ओसरते.

विमाही आपोआप पूर्णपणे नव्या मालकाकडे येत नाही. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने पुढे चालते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करावा लागतो. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. तो जुन्या मालकाचाच राहतो. त्यामुळे पहिला हप्ता अपेक्षेहून जास्त येतो. फसवणूक झाली असे समजून व्याह्यांना फोन करू नये.

विक्रेता व्यापारी असेल तर त्याच्या बाजूनेही एक हिशेब आहे, आणि तो पुष्कळांच्या ध्यानातून सुटतो. जी.एस.टी.त नोंदणी असलेल्या पेढीच्या नावे गाडी असेल आणि तिच्यावर घसारा घेतला असेल, तर विक्री-किंमत आणि घसाऱ्यानंतरचे मूल्य यांतील फरकावर १८ टक्के कर लागतो. समजा, १२ लाखांची गाडी पाच वर्षे १५ टक्के दराने घसारा घेऊन सुमारे ५ लाख ३२ हजारांवर आली आणि ७ लाखांना विकली. फरक सुमारे १ लाख ६८ हजार आणि त्यावरील कर सुमारे ३० हजार. विक्री-किंमत त्या मूल्याहून कमी असेल तर कर नाही. व्यक्तीच्या खासगी नावावरील गाडीला हा प्रश्न येत नाही. भाव ठरवतानाच हे बोलून घ्यावे. घेणाऱ्यानेही गाडी पेढीच्या नावे घ्यायची की घरच्या, हे आपल्या सी.ए.ला आधी विचारावे. घरच्या वापराच्या गाडीचा खर्च पेढीच्या वहीत दाखवणे निराळ्या अडचणी निर्माण करते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात कमी-अधिक करणे, हा एक आहे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली माल खपवणे, हा दुसरा. मागे फिरवलेले किलोमीटर हे खोटे मापच आहे. अपघात लपवून रंगवलेली गाडी हा नकली माल. हे विकणाऱ्यालाही लागू आहे, आणि आपली पाच आसनी गाडी विकून सात आसनी घेणारे प्रत्येक कुटुंब त्याच आठवड्यात विक्रेताही असते. दोन वर्षांपूर्वी गोठ्याच्या भिंतीला घासलेले दार आणि बदललेला रेडिएटर, हे आपणहून सांगून लिहून द्यावे. ओळखीतील सौद्यात तर दोन्ही घरांनी बसून अशी एक यादी करावी. कोणते काम केव्हा झाले, काय बिघडले आहे, टायर किती चालतील, दुसरी किल्ली कोठे आहे. खाली दोघांच्या सह्या. कागद मागितला म्हणून नाते दुखावत नाही. कागद नसल्यामुळे दुखावलेली नाती मात्र प्रत्येक बाजारपेठेत दाखवता येतील.

इसार देण्यापूर्वी परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून कर्जाचा बोजा, विम्याची व प्रदूषण तपासणीची मुदत आणि मालकांचा अनुक्रम पाहून घ्यावा. थकलेले ई-चलनही तपासावे. चेसिसवर कोरलेला क्रमांक आर.सी.शी स्वतः ताडून पाहावा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च कोणाकडे, हे ठरवून घ्यावे. आणि काचेवरचा जुना फास्टॅग विकणाऱ्याने त्याच दिवशी बंद करून घ्यावा. एरवी नवे कुटुंब मांगीतुंगीच्या वाटेला लागते आणि प्रत्येक नाक्यावरचा टोल कापल्याचा संदेश जुन्या मालकाच्या फोनवर, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर वाजत राहतो.